पाणी यायच्या आधी

पाय धुवायला परसात गेलो तर दोरीवर गाऊन होता. नुकताच पिळून टाकलेला. खाली फरशीवर थेंब पडत होते आणि त्यांचा ओघळ अजून मोरीपर्यंत पोचला नव्हता.

निळा गाऊन, त्यावर पांढरी बारीक फुलं. गळ्याला पांढरी लेस.

घराला कुलूप मीच लावून गेलो होतो आणि आत्ता मीच काढलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, शेजारचा असेल. आमचं परस आणि उबाळ्यांचं परस यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी हाक मारली.

"सिंधूवैनी, तुमचा गाऊन माझ्या दोरीवर आलाय."

सिंधूवैनी बाहेर आल्या. त्या गल्लीतल्या बायकांचं शिवण करतात, तेव्हाही करायच्या. ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्या हातात काढल्या, गाऊनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माझा न्हाई ओ भावजी."

"मग कुणाचा?"

"वाऱ्यानं आला असंल."

"ओला गाऊन वाऱ्यानं येतो?"

"वाळू द्या. वाळला की जाईल," असं म्हणून त्या आत गेल्या.

नळाखालची पितळी घागर भरलेली होती. वर फुलपात्र पालथं घातलेलं. मी नळ सुरू ठेवून गेलो असेन, असं मी मनाशी म्हटलं. पण फुलपात्र पालथं घालायची सवय मला नव्हती, आजही नाही.

दुपारी झोपून उठलो तेव्हा दोरी मोकळी होती.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी पितृपंधरवडा सुरू झाला होता. माझी बायको रतन हिला जाऊन तेरा महिने झाले होते. दुपारी सुपात तांदूळ निवडता निवडता ती बाजूला कलंडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. पन्नास वर्षांची होती.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून मागं वळलो नाही तोवर शिवला. लोक म्हणाले, भाग्यवान बाई, काही इच्छा राहिली नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. पण नंतर एक गोष्ट मला खाऊ लागली. ती स्वप्नात आली नाही. तेरा महिन्यांत एकदाही नाही. गल्लीत ज्यांचं ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांच्या स्वप्नात ते माणूस येत होतं, पाणी मागत होतं, भांडत होतं. माझ्याकडं कुणी नाही. मी हे माझ्या थोरल्या बहिणीला, ताराक्काला, बोललो. आक्काच्या जिभेला हाड नाही.

"नाराज माणूस येत न्हाई स्वप्नात," ती म्हणाली. "आठवून बघ काय केलंस ते."

मी आठवून बघत होतो. दारू नाही, मारहाण नाही, पगार हातात आणून द्यायचो. मला काही सापडत नव्हतं. तो निळा गाऊन दोरीवर दिसेपर्यंत.

कारण गाऊन मी ओळखला होता. वैनींना हाक मारायच्या आधीच ओळखला होता.

मी नगरपालिकेत वॉलमन होतो. पहाटे पावणेपाचला निघायचं, एकेका गल्लीचा वॉल उघडायचा, ठरलेल्या वेळानं बंद करायचा. रस्त्यातल्या खड्ड्यात वॉल असतो. त्याची चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा. ती खांद्यावर टाकून मी एकतीस वर्षं हिंडलो. आमची टेकाची गल्ली उंचावर, म्हणून तिला पाणी शेवटी. तिथला वॉल सोडला की खाली जाऊन आधीचे चार बंद करायचे आणि मग घरी. अर्धा तास. त्यात पाच मिनिटांचा फरक पडायचा नाही.

या कामात एक होतं. गावातल्या सगळ्या बायका मला पहाटेच्या कपड्यांत दिसायच्या. मुद्दाम बघायचो असं नाही, नळावर असायच्या म्हणून दिसायच्या. मी कामाला लागलो तेव्हा म्हाताऱ्या लुगड्यात आणि सुना पाचवारीत, पदर कमरेला खोचलेला. मग गाऊन आला. आधी नव्या सुनांच्या अंगावर, तोही सासू गावाला गेली असली तर, आणि वरून छातीवर टॉवेल. मग टॉवेलची ओढणी झाली. पुढं सासवाच गाऊन घालून नळावर यायला लागल्या आणि सुना पंजाबी ड्रेसवर गेल्या. मग ड्रेस चाळिशीच्या बायकांकडं आला, पन्नाशीच्या बायकांकडं आला, आणि पोरी टी-शर्ट आणि नाईट पँटवर. पोरीच्या अंगावरची फॅशन आईकडं यायला आमच्या गावात पाचसहा वर्षं लागत. आईकडून आजीकडं जायला दहा. कुठल्या गल्लीला पाणी किती वेळानं पोचतं हे जसं मला पाठ होतं तसंच हेही पाठ होतं.

माझ्या घरात मात्र ते पोचलं नाही. रतन झोपताना साडीत, उठताना साडीत, तापानं फणफणली तरी साडीत.

एकदाच ती गाऊन घालून गल्लीतल्या नळावर आली होती. आमची उज्ज्वला तेव्हा बारा वर्षांची. मी वॉल सोडून खाली जाताना बघितलं, ही आठदहा बायकांत उभी, निळा गाऊन, गळ्याला लेस, केस ओले. हसत होती. मला बघून तिनं हात गाऊनवरून खाली फिरवला, कसा आहे असं विचारल्यासारखा. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"ही काय चादर गुंडाळून आलीस? लेक लग्नाला आली. ह्या वयात असले थेर?"

बायका हसल्या. रतनपण हसली. आत गेली आणि साडी नेसून आली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. तो गाऊन मी पुन्हा पाहिला नाही. पायपुसणं केलं असेल असं मी समजलो, आणि खरं सांगायचं तर समजलोसुद्धा नाही, विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी दोरीवर दुसरा गाऊन होता. मरून रंगाचा, पुढं चेन असलेला. तसले गाऊन निळ्यानंतर तीनचार वर्षांनी आले होते. तोही निथळत होता. घागर भरलेली, फुलपात्र पालथं. मी हात लावून बघितला. थंडगार. नाकाशी नेला तर साबणाचा वास, आणि साबणाच्या खाली शिकेकाईचा. रतन शेवटपर्यंत शिकेकाईच वापरायची. मी हात लुंगीला पुसला आणि घराबाहेर जाऊन कट्ट्यावर बसलो, ऊन चढेपर्यंत.

पंचमीला पंजाबी ड्रेस. पिवळा, त्याच कापडाची सलवार, झिरझिरीत ओढणी वेगळी वाळत घातलेली आणि ती उडू नये म्हणून दोन चिमटे.

कुणी माझी थट्टा करतंय असं आधी वाटलं होतं. पण थट्टा करणारा माणूस ओढणीला चिमटे लावत नाही.

त्या दिवशी मी उज्ज्वलाला लातूरला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, "उजू, तुझी आई कधी ड्रेस घालायची का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे घालायची."

"बाबा, आता कशाला ते."

"पिवळा होता का?"

"पिवळा माझ्या बारावीच्या वेळचा. आम्ही दोघींनी एकाच ताग्यातून घेतला होता." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही पहाटे गेलात की आई घालायची. नळाला पाणी आलं की साडी नेसायची. पाणी आल्यावर अर्ध्या तासानं तुम्ही यायचात ना."

"किती दिवस?"

"दिवस काय, बाबा. मी लहान होते तेव्हापासून. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं."

सगळ्यांना. मी रोज ज्या बायकांच्या समोरून सळई घेऊन जात होतो त्या सगळ्यांना. कुणी "मामा, जरा दहा मिनिटं जास्त सोडा" म्हणायची, कुणी "मामा, चहा घेता का" म्हणायची, आणि त्यांना माहीत होतं की मी वॉल सोडला की माझी बायको घरात कपडे बदलते. सोळा वर्षं माझ्याच हातानं मी तिला रोज इशारा देत होतो, आता येतोय म्हणून.

सप्तमीला दोरीवर लांब कुर्ता आणि काळी लेगिन्स होती. असल्या कुर्त्याला वर्षदीड वर्षच झालं होतं. म्हणजे तो तिनं घातला असेल तर जायच्या आधी थोडेच दिवस. मी तो कुर्ता वाळेपर्यंत तिथंच बसायचं ठरवलं. ऊन माथ्यावर आलं, डोळा लागला. जाग आली तेव्हा दोरी मोकळी होती.

नवमी दोन दिवसांवर आली होती. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं जेवण त्या दिवशी घालतात, अविधवा नवमी. एक सवाष्ण बोलवायची, तिला जेवू घालायचं, साडीनं ओटी भरायची. तिच्या रूपानं गेलेलीच जेवून जाते म्हणतात. रतनची ही पहिली नवमी. सवाष्ण म्हणून मी सिंधूवैनींना आधीच सांगून ठेवलं होतं आणि हिरवी साडी आणून ठेवली होती.

पण माझं मन नवमीवर नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं. पाणी आलं की ती जाते. मग पाणी यायच्या आधी गेलो तर?

अष्टमीला मी चार गल्ल्यांचे वॉल सोडले. पाचवा आमचा. खड्ड्यावरचं झाकण उघडलं आणि तसंच परत ठेवलं. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा क्रम मोडला. चावी खांद्यावर टाकली आणि पुढच्या रस्त्यानं न जाता मागच्या बोळातून घराकडं निघालो. आमच्या परसाला बोळात उघडणारं पत्र्याचं दार आहे. पत्रा एका बाजूनं गंजून फाटलाय, तिथून दिसतं. आठ वाजले असतील. परसात ऊन आलं होतं.

आवाज आधी ऐकू आला. खर्र, खर्र. वजरीनं टाच घासल्याचा.

मी फटीला डोळा लावला.

धुण्याच्या दगडावर एक बाई बसली होती. माझ्याकडं पाठ. पोपटी रंगाचा लांब ड्रेस. एक पाय उन्हात पसरलेला, दुसरा जवळ घेऊन त्याची टाच घासत होती. केस मोकळे, ओले. हात खांद्यापर्यंत उघडे. रतनचे दंड मी कधी उन्हात बघितले नव्हते. डाव्या दंडावर देवीची लस टोचल्याचे दोन वण होते.

शेजारी कपबशी होती. कपातून वाफ येत होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं वजरी खाली ठेवली, हात लांब करून नळ सोडला. नळ कोरडा. ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली, मग पुन्हा बंद केला. आणि खांदे सैल सोडून परत टाच घासायला लागली. घाई नव्हती. नळाला पाणी नाही म्हणजे मी अजून लांब आहे, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

तेरा महिने मी एकच मागत होतो, एकदा दिसू दे. ती चार हातांवर बसली होती. दाराला आतून कडी नव्हती, नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण मी ढकलू शकलो नाही. भीती वाटली का? वाटली. पण भुताची भीती वाटली असती तर मी पळालो असतो. मी पाऊल न वाजवता मागं सरकलो. मला बघून तिचा चेहरा कसा होईल, त्याची मला भीती वाटली.

मी वॉलवर परत गेलो. बावीस फेरे असतात, बावीस फिरवले. खाली जाऊन बाकीचे बंद केले. अर्ध्या तासानं पुढच्या दारानं, कुलूप वाजवत, घरात शिरलो.

परसात कुणी नव्हतं. घागर भरलेली. दगड ओला. दोरीवर पोपटी ड्रेस निथळत होता.

मी भिंतीवरून हाक मारली. "वैनी! सिंधूवैनी!" उत्तर नाही. पुढं गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप. आणि कोपऱ्यावरून सिंधूवैनी येत होत्या, एका हातात पिशवी, मागं उबाळे काठी टेकत.

"काय झालं ओ भावजी? तोंड का असं उतरलंय?"

"तुम्ही कुठून आलात?"

"बार्शीहून. लेकीकडं गेलो होतो काल संध्याकाळी. ही काय पहिल्या गाडीनं येतोय. उद्या नवमी, मी नसून चालंल का?"

मी त्यांना परसात नेलं. त्यांनी दोरीकडं बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"आता खरं सांगा," मी म्हणालो.

त्या दगडावर बसायला गेल्या, दगड ओला बघून उभ्याच राहिल्या. मग बोलल्या.

"रागावू नका. कपडे माझ्याकडंच होते, माझ्या ट्रंकेत. ती भिंतीवरून यायची, घालायची, जाताना माझ्याच दोरीवर वाळत टाकायची. सोळा वर्षं माझ्या दोरीवर वाळले. गेल्या आठवड्यात ट्रंक उघडली, म्हटलं आता कुणाला तरी देऊन टाकावेत. मग वाटलं, द्यायच्या आधी एकदा तिच्या सोत्ताच्या दोरीवर वाळू देत. म्हणून मी एक एक आणून टाकला. तुम्ही काय म्हणताय ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. न्या म्हणाल, जाळा म्हणाल, काहीतरी म्हणाल. तुम्ही काहीच म्हणाला न्हाईत."

"आणि पाणी? घागर तुम्हीच भरत होता?"

"घागर? मी कशाला भरू? तुमची तुम्ही भरत न्हाई का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. वैनी पोपटी ड्रेसकडं बघत होत्या. बघता बघता त्यांनी पदर तोंडाला लावला.

"भावजी, निळा, मरून, पिवळा आणि तो कुर्ता. चारच होते ट्रंकेत. हा मी न्हाई टाकला. हा ट्रंकेत नव्हताच. ह्याला अजून बाह्या लावायच्या होत्या."

मी बघितलं. ड्रेसला बाह्या नव्हत्या. खांद्याशी नुसते कच्चे टाके होते.

"ती गेली त्या आठवड्यात शिवायला घेतला होता. मग माझ्यानं पुढं शिवणं झालं न्हाई. तसाच घडी करून शिलाई मशीनच्या झाकणाखाली ठेवलाय."

आम्ही दोघं त्यांच्या घरात गेलो. कुलूप त्यांनी माझ्यासमोर काढलं. उबाळे बाजेवर बसले आणि गुडघे चोळायला लागले. वैनींनी मशीनचं लाकडी झाकण उचललं. खाली पोपटी कापडाच्या दोन बाह्या होत्या, खडूच्या खुणा केलेल्या. ड्रेस नव्हता.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं.

"मला भीत होती का ती?"

"भ्यायला काय झालं? हसायची तुम्हाला. नळ आधी हवा सोडतो न्हाई का, खोकल्यासारखा? ते ऐकलं की म्हणायची, 'चला बाई, मामंजी खाकरले.' मग पळायची साडी नेसायला."

"मग मला सांगायचं ना. मी काय खाल्लं असतं तिला?"

"मीपण तेच म्हणायची. तर म्हणायची, 'त्यांच्या तोंडून एकदा गेलंय चारचौघींत. पुरुषमाणूस, आता माघारी कसं घेणार? त्यांनाच अवघड. राहू दे.'" वैनी बाहीवरचा खडू अंगठ्यानं पुसत होत्या. "पण वाट बघायची हां. 'एक दिवस पाणी न सोडताच येतील बघ, असंच बसलेली सापडीन मी. मग तोंडातून काय निघतंय ते ऐकायचंय मला.' दर नवा ड्रेस शिवला की म्हणायची. ह्याचं कापड आणलं तेव्हापण म्हणाली."

मी उठलो. मी आजच आलो होतो, पाणी न सोडता. आणि ती तिथं बसलेली असताना माझ्या तोंडातून काही निघालं नव्हतं. मी परत जाऊन पाणी सोडलं होतं.

"वैनी," मी म्हणालो, "बाह्या आज लागतील?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वाळला की लावते."

संध्याकाळी ताराक्का आली. सोबत वड्याचं पीठ, भोपळा, स्वतःचा विळा. पाटावर साडीशेजारी पोपटी ड्रेस बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय रं? सवाष्णीच्या ओटीत ड्रेस घालतात? पन्नाशीची बाई होती. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सोळा वर्षं माहीत आहे, आक्का. मलाच माहीत नव्हतं."

"मी न्हाई बाई असलं कुठं बघितलं."

भिंतीपलीकडून सिंधूवैनी म्हणाल्या, "आक्का, सवाष्ण मी आहे ना? मला चालतंय."

आक्का पुटपुटत चुलीकडं गेली.

नवमीला मी पावणेपाचला निघालो. निघण्याआधी तो ड्रेस माझ्या हातानं दोरीवर टाकला. कोरडाच होता. बाह्या लांब होत्या, कोपराच्या खाली येणाऱ्या. दोन्ही खांद्यांना चिमटे लावले.

चार वॉल सोडले. पाचव्याशी थांबलोसुद्धा नाही. गल्लीत बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या, त्यातली एक ओरडली, "मामा, काल उशीर, आज पण काय?" "आलो," म्हणालो आणि मागच्या बोळात वळलो. पत्र्याच्या फटीशी थांबलो नाही. दार ढकललं आणि आत गेलो.

परसात ऊन होतं. दगड कोरडा होता. कुणी नव्हतं. वाराही नव्हता, ड्रेस सरळ लटकत होता. स्वयंपाकघरात आक्काचा झाऱ्याचा आवाज येत होता. वड्यांचा वास सुटला होता.

काय बोलायचं हे मी रात्रीपासून ठरवत होतो. माफी मागावी, मग असं म्हणावं, तसं म्हणावं. तिथं उभा राहिल्यावर त्यातलं एकही आठवेना. चावी खांद्यावर तशीच होती. मी ड्रेसकडं बघितलं नाही. दगडाकडं बघून बोललो, ती बसते तिथं.

"चांगला दिसतोय गं," मी म्हणालो. "तुला शोभतोय."

नळ खोकला.

एकदाच. लांब, आधी घशात दाटून आल्यासारखा आणि मग मोकळा. पाणी आलं नाही, एक थेंबही नाही. वॉल बंद होता. त्याची चावी माझ्या खांद्यावर होती. तो बंद असताना पाइपात हवा हलत नाही आणि नळ खोकत नाही. एकतीस वर्षं मी तेच काम केलं, मला कुणी दुसरं काही सांगू नये.

आतून आक्काची हाक आली.

"अंबादास, पाणी आलं का रं?"

मी डोळे पुसले.

"नाही आक्का," मी म्हणालो. "अजून सोडलं नाही."